विद्यापीठाकडून विहिरींचे पाणी तपासून घ्यायचे असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: सरकारी संशोधन विद्यापीठाच्या कुंपणाला लागून एक वस्ती आहे. तिथे दोनशेच्या आसपास खासगी विहिरी आणि बोअर आहेत. पाण्याबद्दल शंका आहे, पण रहिवासी मंडळाकडे पैसा नाही. यापूर्वी दोनदा विद्यार्थी येऊन बाटल्या भरून घेऊन गेले, निकाल मात्र कोणालाच कळला नाही. विद्यापीठाची मदत नीट कशी मिळवायची?

आधी त्या न कळलेल्या निकालांबद्दल बोलू, कारण पुढची सगळी आखणी त्यावरून ठरते. विद्यार्थी बेपर्वा होते असे धरून चालू नका. विद्यापीठाचे सत्र साधारण पंधरा-सोळा आठवड्यांचे असते. नमुने गोळा होतात सहाव्या-सातव्या आठवड्यात, यंत्रावर पाळी येते दहाव्यात, अहवाल जमा होतो पंधराव्यात. मग गुण लागतात, वसतिगृह रिकामे होते आणि अहवाल प्राध्यापकांच्या संगणकात पडून राहतो. घरोघरी निकाल पोचवणे हे काम कोणाच्या वेळापत्रकात नव्हते, गुणांमध्ये धरलेले नव्हते आणि पगारातही नव्हते. म्हणून ते झाले नाही. तेव्हा पहिली बाटली भरण्याआधी एवढे कागदावर उतरले पाहिजे: निकाल कोण, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या भाषेत आणि कोणाच्या हातात देणार. बाकीच्या अटींवर घासाघीस करा, या अटीवर नको.

आता गाठायचे कोणाला? कुलगुरूंना निवेदन देऊन सुरुवात करू नका. निवेदनाची आवक नोंद होते, ते शेरे घेत घेत खाली उतरते आणि शेवटी ज्याच्या टेबलावर येते त्याला ते लादलेले काम वाटते. जनसंपर्क विभागही टाळा. त्यांना छायाचित्र हवे असते, आणि छायाचित्र पहिल्याच दिवशी मिळून जाते. पर्यावरण अभियांत्रिकी, भूशास्त्र, रसायनशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य या विभागांची पाने उघडा. भूजलावर काम करणारे कोण आहे आणि त्यांपैकी प्रत्यक्ष प्रयोगशाळेचा विषय शिकवणारे कोण आहे, हे पाहा. दुसरा निकष जास्त महत्त्वाचा. ज्या विषयात दरवर्षी वीस-तीस विद्यार्थ्यांना पाणी तपासायला शिकवलेच जाते, तिथे तुमच्या विहिरींचे पाणी वापरायला वेगळी मंजुरी, वेगळे अनुदान फारसे लागत नाही.

नवीन सहायक प्राध्यापक उत्साहाने हो म्हणतात. पण त्यांची नोकरी पक्की होणे शोधनिबंधांवर अवलंबून असते आणि ते दोन-तीन वर्षांत दुसरीकडे जाण्याची शक्यताही जास्त. ज्येष्ठ प्राध्यापक हलत नाहीत, मात्र प्रत्यक्ष काम त्यांचे पीएचडीचे विद्यार्थी करतात. सर्वात टिकाऊ माणूस म्हणजे प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ. यंत्र कधी मोकळे असते, कोणते रसायन संपत आले आहे, शुक्रवारी प्रयोगशाळा किती वाजता बंद होते हे सगळे त्याला माहीत असते आणि त्याला कोणी विचारत नाही. पहिल्या बैठकीला त्यालाही बोलवा, असा आग्रह धरा.

काही विद्यापीठांत अशा प्रश्नांसाठी स्वतंत्र खिडकी असते. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने जमिनीच्या देणगीवर सरकारी विद्यापीठे उभी राहिली आणि १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने त्यांना विस्तारसेवेची जोड मिळाली. विद्यापीठाच्या पगारावरचा माणूस जिल्ह्यात राहतो आणि लोकांचे प्रश्न विभागांपर्यंत नेतो, अशी ती व्यवस्था आहे. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात ‘विज्ञान दुकाने’ निघाली. पैसे देऊ न शकणाऱ्या नागरिक गटाने तिथे प्रश्न नेऊन द्यायचा आणि दुकानाने तो एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाला जोडून द्यायचा. तुमच्या विद्यापीठात विस्तार कक्ष किंवा सामाजिक सहभाग केंद्र असेल तर तिथेही जा, पण प्राध्यापकाचे नाव आधीच शोधून जा. केंद्राला नुसता प्रश्न दिला की तो महिनोन्‌महिने ‘योग्य तज्ज्ञाच्या शोधात’ राहतो.

पत्र एका पानाचे असावे. वस्तीतील विहिरींची संख्या आणि अंदाजे खोली, शंका कशावरून आली (वास, रंग, आजार, जवळचे शेत, शोषखड्डे किंवा कारखाना), मंडळ काय देऊ शकते (यादी, नकाशा, घरांत प्रवेश, सोबत फिरायला माणसे), आणि निकालावरून तुम्ही कोणता निर्णय घेणार आहात. हा शेवटचा मुद्दा बहुतेक जण गाळतात. ‘पाणी चांगले आहे का ते कळावे’ यावरून प्राध्यापकाला चाचण्या निवडता येत नाहीत. ‘तान्ह्या बाळांच्या घरांना वेगळे पाणी पुरवायचे का’ किंवा ‘नळयोजनेच्या मागणीसाठी पुरावा हवा आहे’ असे लिहिले की काय मोजायचे, किती अचूक मोजायचे आणि किती घरांत मोजायचे हे लगेच ठरते. पत्र सत्र सुरू होण्याच्या चार ते सहा महिने आधी पोचले पाहिजे, कारण अभ्यासक्रमाची आखणी तेव्हा होते. सत्र सुरू झाल्यावर गेलात तर उत्तर येईल ‘पुढच्या वर्षी पाहू’, आणि ते खरेच असेल.

विद्यार्थ्यांच्या बाजूनेही पाहा. परीक्षेच्या आठवड्यांत, म्हणजे सत्राच्या मध्याला आणि शेवटी, त्यांच्याकडून बाहेरचे काम होत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष फिरायला हातात राहतात ते तिसरा ते सहावा आणि नववा ते बारावा आठवडा. दोन विद्यार्थी आणि वस्तीतले एक माणूस अशी तुकडी चालते. अर्ध्या दिवसात ती सहा ते आठ विहिरी नीट उरकते. दहाच्या पुढे गेली की नोंदी गाळायला लागते. या कामाला गुण असलेच पाहिजेत. निव्वळ स्वयंसेवेवर चालणाऱ्या तुकड्या पहिल्या चाचणी परीक्षेला गळतात. आणि वस्तीतल्या माणसाचाही वेळ जातो, त्याचे मानधन अर्थसंकल्पात धरा. प्राध्यापकाचा वेळ मोलाचा आणि रहिवाशाचा फुकट, हे गृहीत धरणारे प्रकल्प लोकांना कळतात आणि दारे बंद होतात.

किती विहिरी तपासायच्या? दोनशेपैकी चाळीस पुरतात, पण त्या चिठ्ठ्या टाकून निवडा. ‘ज्यांना तपासून हवे त्यांनी नाव द्या’ असे केले की आधीच शंका असलेली किंवा रस्त्यालगतची घरे जास्त येतात आणि वस्तीबद्दल काहीच सांगता येत नाही. ज्या विहिरींवर खास संशय आहे त्या पाच-सात वेगळ्या घ्या आणि त्यांचा हिशेबही वेगळा ठेवा. चिठ्ठीतल्या चाळीसपैकी एकाही विहिरीत दोष निघाला नाही, तरी ‘वस्तीचे पाणी शुद्ध’ असा अर्थ होत नाही. संख्याशास्त्रात यासाठी सोपा हिशेब आहे: तीन भागिले नमुन्यांची संख्या. इथे ३ भागिले ४०, म्हणजे साडेसात टक्के. दोनशे विहिरींत पंधरापर्यंत दूषित विहिरी असूनही एवढ्या नमुन्यांत त्या निसटू शकतात. मंडळाच्या सभेत हे आधीच सांगून ठेवा, नंतर सांगितले तर सारवासारव वाटते.

चाचण्यांत जिवाणू आणि नायट्रेट हे बहुतेक ठिकाणी आधी घ्यावेत. भूगर्भानुसार आर्सेनिक आणि फ्लुओराइड, जुनी नळजोडणी असेल तर शिसे. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मूल्ये अशी: नायट्रेट लिटरला ५० मिलिग्रॅम, फ्लुओराइड १.५ मिलिग्रॅम, आर्सेनिक आणि शिसे प्रत्येकी १० मायक्रोग्रॅम, आणि ई. कोलाय जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये एकही नको. तुमच्या देशाचे मानक वेगळे असेल तर अहवालात दोन्ही आकडे मागा.

नायट्रेटच्या आकड्यात एक खड्डा आहे आणि त्यात जाणकारही पडतात. काही प्रयोगशाळा ‘नायट्रेट’ म्हणून मोजतात, काही ‘नायट्रेटमधील नायट्रोजन’ म्हणून. दुसऱ्या आकड्याला ४.४३ ने गुणले की पहिला येतो. म्हणजे नायट्रोजन म्हणून १२ लिहिलेले पाणी प्रत्यक्षात ५३ आहे, मर्यादेच्या बाहेर. पण ५० च्या मर्यादेशेजारी १२ ठेवले की ते निर्धास्त वाटते. अहवालाच्या प्रत्येक रकान्यावर एकक आणि कशाच्या रूपात मोजले ते लिहून घ्या. आणि वस्तीला हेही सांगा की पाणी उकळून नायट्रेट जात नाही. वाफ जाते, नायट्रेट मागे राहते, प्रमाण उलट वाढते. वरच्या दुधावरच्या बाळांना धोका सर्वात जास्त, कारण जास्त नायट्रेटमुळे त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. नायट्रेट जास्त निघाले की ‘उकळून प्या’ हा नेहमीचा सल्ला घातक ठरतो, म्हणून जिवाणूंचा निकाल आणि नायट्रेटचा निकाल एकाच कागदावर द्यायला लावा.

बाटली भरण्यात सर्वात जास्त चुका होतात. जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली लागते. पाण्यात क्लोरीन असण्याची शक्यता असेल तर तिच्यात क्लोरीन निष्प्रभ करणाऱ्या सोडियम थायोसल्फेटची चिमूट आधीच घातलेली असते, त्यामुळे ती विसळायची नाही. इतर नमुन्यांच्या बाटल्या विसळण्याची सवय असलेले विद्यार्थी हीही विसळतात आणि औषध वाहून जाते. नळाची जाळी काढा, तोंड जंतुनाशकाने पुसा, पाणी दोन-तीन मिनिटे वाहू द्या, झाकण आतून न शिवता हातात धरा, आणि बाटली काठोकाठ न भरता बोटभर जागा सोडा, म्हणजे प्रयोगशाळेत हलवता येते. लगेच बर्फाच्या पेटीत ठेवा. चोवीस तासांत तपासणी सुरू झाली पाहिजे, सहा तासांत झाली तर उत्तम. या तपासणीला साधारण ३५ अंश सेल्सिअसला एक दिवस उबवावे लागते आणि वाचन दुसऱ्या दिवशी करावे लागते. म्हणून शुक्रवारी नमुने घेऊ नका. शनिवारी प्रयोगशाळा बंद असेल तर सोमवारी वाचलेला आकडा निरुपयोगी असतो, आणि तो तसा आहे हे अहवालात कोणी लिहीत नाही.

धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणतात, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि आकडा कमी येतो. नायट्रेटचा नमुना मात्र आम्ल न घालता थंड ठेवून दोन दिवसांत तपासायचा. म्हणजे एका विहिरीला किमान तीन वेगळ्या बाटल्या झाल्या. झाकणांना तीन रंगांच्या चिकटपट्ट्या लावल्या की गोंधळ बराच कमी होतो. बोअरचे पाणी घेण्याआधी पंप चालू ठेवून तापमान आणि विद्युतवाहकता स्थिर होईपर्यंत थांबा. नाहीतर पाइपात उभे राहिलेले पाणी बाटलीत येते. शिशाचे उलट आहे: तिथे नळजोडणीत उभे राहिलेले पाणीच हवे असते. नळ किमान सहा तास बंद ठेवून पहिली धार घ्यायची.

दर दहा विहिरींमागे एक दुबार नमुना, म्हणजे त्याच विहिरीतून त्याच वेळी भरलेली दुसरी बाटली, आणि दर दिवशी एक कोरा नमुना, म्हणजे शुद्ध पाणी भरलेली बाटली तुकडीबरोबर फिरवून आणायची. दुबार नमुन्यांचे आकडे फार वेगळे आले किंवा कोऱ्या नमुन्यात काही सापडले, तर त्या दिवसाची सगळी फेरी पुन्हा घ्यावी लागते. खर्च वाचवायला हे नमुने आधी कापले जातात. कापू देऊ नका. उद्या कोणी निकालाला आव्हान दिले तर बचावाला तेवढेच असते.

असे आव्हान येतेच. २०१५ मध्ये अमेरिकेतील फ्लिंट शहरात शिशाचा प्रश्न उभा राहिला तेव्हा शहर आणि राज्याचे अधिकारी पाणी सुरक्षित असल्याचे सांगत होते. लीअ‍ॅन वॉल्टर्स या रहिवासी महिलेने चिकाटीने पाठपुरावा केला, आणि व्हर्जिनिया टेक या सरकारी विद्यापीठातील मार्क एडवर्ड्स यांच्या चमूने नमुन्यांच्या बाटल्यांचे तीनशे संच पाठवले. ते वाटणे, भरून घेणे, परत गोळा करणे हे काम रहिवाशांनी केले. प्रत्येक संचात तीन बाटल्या होत्या: एक लिटरची पहिल्या धारेसाठी, अर्ध्या लिटरची नळ ४५ सेकंद सोडल्यावर, १२५ मिलिलिटरची दोन मिनिटे सोडल्यावर. सगळ्या घरांत एकच पद्धत, लेखी सूचनांसह. शिस्त इतकी असल्यामुळे ‘सामान्य लोकांनी भरलेल्या बाटल्या’ म्हणून ते आकडे बाजूला सारता आले नाहीत.

संमतीचा विषय पाण्याच्या कामात गौण वाटतो, पण तसा नाही. फक्त पाणी मोजायचे असेल तर विद्यापीठाची संशोधन नीतिमत्ता समिती बहुधा पूर्ण परीक्षणाची गरज नाही असे कळवते. तरी ते लेखी घ्यायला सांगा. ‘घरात कोणी आजारी आहे का’ हा एक प्रश्न जोडला की ते माणसांवरचे संशोधन होते, आणि मंजुरीला सहा ते दहा आठवडे धरून चालावे लागते. सत्र सुरू झाल्यावर अर्ज केला तर मंजुरी येते तेव्हा विद्यार्थी परीक्षेला बसलेले असतात. शक्य असेल तर पहिल्या वर्षी आरोग्याचे प्रश्न सोडूनच द्या.

नमुन्यांचा पुढचा वापरही ठरवून घ्या. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी १९९० पासून तिथल्या हावासुपाई या मूलनिवासी जमातीच्या लोकांचे रक्त मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतले. तेच रक्त पुढे इतर अभ्यासांत वापरले गेल्याचे जमातीला नंतर कळले. प्रकरण कोर्टात गेले आणि २०१० मध्ये तडजोड होऊन ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर देण्याचे ठरले, उरलेले नमुनेही परत केले गेले. तुमच्याकडे रक्त नाही, पण पत्ता जोडलेला विहिरीचा आकडा आहे. तो जाहीर झाला तर घराची किंमत पडते आणि भाडेकरूंना आजवर कळले नव्हते ते कळते. करारात लिहा: निबंधात आणि नकाशात विहीर क्रमांकाने येईल, पत्त्याने नाही, नकाशावरचे ठिपके थोडे सरकवले जातील, घराचा स्वतःचा आकडा त्या घरातल्या सर्वांना मिळेल, भाडेकरू असला तरी.

हा करार दोन पानांचा पुरतो. कुलसचिवांच्या सहीचा सामंजस्य करार नंतर होत राहील, त्याला विधी विभागात बरेच महिने लागू शकतात. विभागप्रमुख आणि मंडळ यांच्या सहीचे टिपण आधी करा. त्यात वरच्या अटींशिवाय आणखी तीन हव्यात. मूळ आकड्यांची पूर्ण प्रत मंडळाकडे येईल. निबंध पाठवण्याआधी मंडळाला वाचायला तीस दिवस मिळतील, मंडळ हरकत नोंदवू शकेल पण छपाई रोखू शकणार नाही. ही मर्यादा मान्य करा, कारण प्रकाशन अडवण्याचा अधिकार मागितला तर चांगला संशोधक मागे सरतो आणि त्याचे बरोबर असते. आणि धोकादायक आकडा आला तर चोवीस तासांत त्या घराला फोन जाईल. कोणता आकडा धोकादायक आणि फोन कोण करणार, हेही टिपणातच, नावासकट.

पैशाचे गणित लोक उलटे मांडतात. बाटल्या, रसायने, बर्फ, प्रवास हा खर्च तुलनेने लहान असतो आणि विभागाच्या शैक्षणिक खात्यातून निघू शकतो. मोठा खर्च माणसांचा. बाहेरचे अनुदान मिळवले तर विद्यापीठ त्यावर प्रशासकीय खर्च लावते. अमेरिकेतल्या अनेक संशोधन विद्यापीठांत सरकारी संशोधन अनुदानासाठी हा दर थेट खर्चाच्या ५० टक्क्यांहून जास्त असतो. मंडळाचा वाटा विद्यापीठाच्या खात्यातून आला तर बिले मंजूर होईपर्यंत तो महिनोन्‌महिने अडकू शकतो. अनुदानाच्या अर्जातच मंडळाला स्वतंत्र भागीदार म्हणून दाखवा.

निकालाचा कागद घरटी एक, एका बाजूला मावेल एवढा. आकडा, मर्यादा, त्याचा अर्थ, आज काय करायचे. ‘आढळले नाही’ असे लिहिले असेल तर यंत्राला किमान किती सापडते तो आकडा शेजारी हवा, कारण आढळले नाही म्हणजे शून्य नव्हे. कागद आधी घरी जावा, मग वस्तीची सभा, मग वर्तमानपत्र, मग निबंध. हा क्रम मोडतो तो बहुधा जनसंपर्क विभागाच्या घाईने, म्हणून त्यांना टिपणाची प्रत आधीच द्या.

एका फेरीवर थांबू नका. जिवाणू आणि नायट्रेट पावसाबरोबर बदलतात, त्यामुळे पावसाआधी एक आणि पावसानंतर एक अशा दोन फेऱ्या हव्यात. त्या बहुधा दोन वेगळ्या सत्रांत पडतील, म्हणजे विद्यार्थीही वेगळे. पहिल्या तुकडीने विहिरींची यादी, नळाचे नेमके ठिकाण, पंप किती मिनिटे चालवला, बाटल्यांचे क्रमांक अशी नोंदवही मागे ठेवली नाही तर दोन फेऱ्यांची तुलनाच होत नाही. ती वही मंडळाकडे राहावी, प्रत विभागाकडे. त्यानंतर दहा विहिरी ठरवून त्या दरवर्षी त्याच विषयाच्या प्रात्यक्षिकात धरायला सांगा. हे प्राध्यापकाच्या सदिच्छेवर न ठेवता विषयाच्या लेखी आराखड्यात घालून घ्या, म्हणजे शिकवणारा बदलला तरी नव्याला ते आयतेच मिळते. आराखडे दर काही वर्षांनी बदलतात. त्या वर्षी अभ्यास मंडळाची बैठक कधी आहे ते तंत्रज्ञाला विचारून ठेवा आणि तिच्या महिनाभर आधी विभागप्रमुखांना आजवरच्या आकड्यांचा तक्ता पाठवा.